घड्याळवाल्यांचा पत्ता

माझी आत्या एकतीस वर्षं एका मोठ्या सरकारी दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसली. हाडांचा विभाग कुठे, रक्त कुठे द्यायचं, डोळ्यांचे डॉक्टर आज आलेत का, दिवसभर हेच. तिथून तिने दोन सवयी घरी आणल्या. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, ही एक. आणि त्याला काय झालंय ते विचारायचं नाही, नाव नाही की गाव नाही, ही दुसरी. खोली विचारायला आलेल्याला खोली सांगावी, जास्त खोलात शिरू नये, असं तिचं म्हणणं. पाठवलेला माणूस पुढे बरा झाला की नाही हे सांगायला कुणी खिडकीवर परत येत नसे, आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

लग्न तिने केलं नाही. का, ते विचारायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी. मी तिची एकुलती एक भाची, चार तासांच्या अंतरावर राहणारी, शाळेत भूगोल शिकवणारी आणि तिला फोन करायला हमखास विसरणारी. हे आधीच कबूल करून टाकते. पुढे मी तिच्यावर चिडलेली दिसेन, तेव्हा खरा राग कुणावर होता ते तुम्हीच ओळखा.

माझा जुना लॅपटॉप मी तिला दिला आणि तिला नवाच नाद लागला. ती एका सोशल मीडियावर गेली, पण आपल्या नेहमीच्या नव्हे. हा कुणा एका कंपनीचा नव्हता. कुणीही आपला छोटासा सर्व्हर चालू करायचा, त्यावर शे-दोनशे माणसांनी अकाउंट उघडायची, आणि असे हजारो सर्व्हर एकमेकांना जोडलेले. इथल्याला तिथल्याचं लिहिलेलं दिसायचं. जाहिराती नाहीत, आणि तुम्हाला काय आवडेल ते ठरवून तुमच्या पुढ्यात वाढणारं यंत्रही नाही. गोम तिथेच होती. यंत्र नाही म्हणून पहिल्या दिवशी तुमचं पान कोरं. कुणाला फॉलो करायचं ते तुमचं तुम्हीच शोधायचं. नवीन माणूस यायचा, कोऱ्या पानाकडे दोन मिनिटं बघायचा, इथे तर चिटपाखरूही नाही म्हणायचा आणि जायचा निघून.

आत्या अशांवर डोळा ठेवून असायची. तिचा सर्व्हर चालवणारा कॉलेजातला एक प्राध्यापक होता, तिला मावशी म्हणायचा. त्याने नव्यांच्या स्वागताचं काम तिच्या गळ्यात घातलं आणि तिने ते आनंदाने घालून घेतलं. नवं अकाउंट उघडलं की तासाभरात तिचा निरोप जायचा. त्यात एकच प्रश्न असे, "आज सकाळपासून हाताने काय काय केलंत?" कुणी लिही कुंड्या भरल्या, कुणी लिही बाळाला आंघोळ घातली. मग आत्या कुठकुठल्या सर्व्हरांवरून कुंड्यावाली, बाळवाली माणसं हुडकून दहा जणांची यादी पाठवायची. त्या यादीत स्वतःचं नाव कधी घालायची नाही. तिथे तिचं नावच मुळी 'चौकशी' होतं. सगळे तिला चौकशीबाई म्हणत.

आणि नियम तिचेच. खरं नाव नको, फोन नंबर नको, पत्ता तर नकोच. सर्व्हरच्या पहिल्या पानावर ते तिनेच लिहिले होते. कुणी चुकून घराचा पत्ता टाकला तर दोन मिनिटांत तो पुसायला लावायची.

या नव्यांमध्ये एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ आले. हाताने काय केलंत, तर म्हणाले, बायकांच्या एका घड्याळाचं चाक साफ केलं. आत्याने यादी दिली, ते रमले. रोज सकाळी नऊच्या सुमाराला, दुकान उघडलं की, उघड्या घड्याळाचा फोटो टाकत आणि खाली काय बिघडलंय ते एका ओळीत लिहीत. आत्या विचारायची, "चालू झालं का?" दुपारपर्यंत उत्तर यायचं, "झालं." बस, एवढंच. दोन वर्षं हे रोज चाललं होतं. मला पत्ताच नव्हता. एकदा सुट्टीत गेले होते तेव्हा नऊला ती चहा तसाच टाकून लॅपटॉपपाशी गेली. मी म्हटलं, काय गं, बातम्या का? ती म्हणाली, हो, बातम्याच.

मग प्राध्यापकाने सर्व्हर बंद करायचं जाहीर केलं. नोकरी, घरात जुळी मुलं, त्याचंही काही चुकलं नाही. त्याने दोन महिन्यांची मुदत दिली. असा सर्व्हर बंद होतो तेव्हा ज्याने त्याने दुसऱ्या सर्व्हरवर अकाउंट उघडून जुन्यातून तिकडे हलायचं असतं. तुम्हाला फॉलो करणारी माणसं आपोआप तुमच्यामागे येतात, लिहिलेलं मात्र मागेच राहतं आणि सर्व्हरबरोबर जातं. आणि हे ज्याचं त्यालाच करावं लागतं, दुसऱ्याला करता येत नाही. आत्याने कंबर कसली. दोनशे चाळीस माणसं तिने एकेक करून हलवली. ज्याला पासवर्ड आठवत नाही त्याला तो मिळवून दिला, जो वैतागला त्याची समजूत काढली.

राहिले एकटे घड्याळवाले, उद्या हलतो, उद्या हलतो म्हणत. त्यांचा शेवटचा फोटो सात तारखेचा. भिंतीवरचं मोठं घड्याळ होतं, आणि खाली लिहिलं होतं, याचं काही खरं दिसत नाही. आत्याने नेहमीसारखं विचारलं. उत्तर आलं नाही. आठ तारखेला फोटो नाही, नऊ तारखेला नाही. तीस तारखेला सर्व्हर बंद व्हायचा होता.

मी पोचले ती पंचवीसला. बघते तर आत्याचं स्वतःचं अकाउंट अजून जागच्या जागी. साऱ्या गावाला हलवलं आणि ही बया बसून राहिलेली. मी फैलावरच घेतलं तिला. तेव्हा हळूहळू एकेक बाहेर आलं. घड्याळवाल्यांचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, आजारी आहेत, गेले, की नुसतेच कंटाळले, काहीच ठाऊक नाही.

"दोन वर्षांत त्यांनी एकदाही काही सांगितलं नाही?" मी विचारलं.

आत्या टेबलावरची पेनं सरळ करत राहिली. मग म्हणाली, "सांगितलं होतं. गेल्या वर्षी. दुकानाचा पत्ता लिहिला होता. म्हणाले, चौकशीबाई, कधी या बाजूला आलात तर या, तुमचं घड्याळ बघून देतो."

"मग?"

"मी पुसायला लावला. नियम होता ना. लगेच पुसला त्यांनी, माफी पण मागितली."

"पण तू वाचला असशील की."

"नाही गं. दुसऱ्याचा पत्ता काय वाचायचा, म्हणून नजर वर घेतली."

मी कपाळाला हात लावला. एकतीस वर्षांत तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. ज्याने म्हटलं, त्याच्याकडून हिने दोन मिनिटांत पुसून घेतलं. मला रडू यायला लागलं आणि मी ते तिच्यावर ओरडण्यात घालवलं. ती शांतपणे उठली आणि गॅसवर दूध ठेवलं.

मग मीच प्राध्यापकाला फोन लावला. पुसलेलं परत येत नाही, म्हणाला. अकाउंट उघडताना दिलेला ईमेल त्याच्याकडे होता. तो आत्याला द्यायलासुद्धा तयार झाला, पण आत्याने मान हलवली, नको, तूच लिही. त्याने आधीच तीनदा लिहिलं होतं. मेलबॉक्स भरलेला आहे असं सांगून प्रत्येक पत्र परत आलं होतं.

एकोणतीसला सकाळी आत्या म्हणाली, सर्व्हर बंद होऊ दे, पण त्या जागी एक पान तरी राहील का? प्राध्यापक म्हणाला, वर्ष-दोन वर्षं सहज ठेवतो. पानावर काय लिहायचं ते तिने कागदावर काढूनच ठेवलं होतं. हा सर्व्हर बंद झाला आहे, इथलं कुणी शोधत असाल तर फोन करा, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ. आणि खाली स्वतःचा नंबर.

मी उडालेच. लोकांचे नंबर पुसत फिरलेली बाई स्वतःचा नंबर साऱ्या जगापुढे टांगायला निघाली होती. वाटेल तो माणूस फोन करील, म्हटलं. खूप भांडले. शेवटी तडजोड झाली: मोबाईलचा नाही, घरातल्या तारेच्या फोनचा नंबर द्यायचा. तो तसाही धूळ खात पडला होता. आपण किती शहाण्या, असं मला वाटलं.

तीस तारखेला तिने आपलं अकाउंट हलवलं, मी शेजारीच बसले होते. तिच्यामागे नव्या जागी नऊ माणसं आली. दोनशे चाळीस जणांना वाटेला लावणाऱ्या बाईमागे नऊ. यादीत स्वतःचं नाव न घालण्याचा हा हिशेब. ती म्हणाली, बरी आहेत की नऊ.

आता या गोष्टीला सात महिने झाले. फोन येतात तिला. कर्ज घ्या म्हणणारे येतात, चुकीचे नंबर येतात, आणि खरोखर कुणाला शोधणारेही येतात. मग ती हव्या असलेल्या माणसाला नव्या सर्व्हरवर निरोप टाकते आणि दोघांची गाठ घालून देते. घड्याळवाल्यांचा आला नाही. आठ ते आठ ती घराबाहेर पडत नाही. संध्याकाळचं फिरणं सुटलं, वाचनालय सुटलं, भाजी खालचा वॉचमन आणून देतो. माझ्या शहाणपणाने मी तिला भिंतीतल्या तारेला बांधून ठेवली. मी म्हटलं, आत्या, चुकलं माझं, पानावर मोबाईलचा नंबर घालू, निदान फिरता येईल. तर म्हणाली, "आणि त्यांनी हा आधीच लिहून ठेवला असला तर?"

परवा शाळेतून दुपारीच मी तिला फोन केला. हल्ली मी विसरत नाही. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"नमस्कार, चौकशी."

"आत्या, मी."

 ती म्हणाली, "हं. तू होय."

आवाजात प्रेम होतं, नव्हतं असं नाही. जेवलीस का, तब्येत कशी आहे, मी विचारत राहिले आणि ती हो-नाही करत राहिली. मी येत्या रविवारी येते म्हटलं, तर ये म्हणाली. मग मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "बाळा, ठेव आता. तेवढ्यात कुणी लावत असेल, तर लाईन अडते."

मी ठेवला.