सुपांवर शिकवलेला स्मॅश

आता सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं आहे, पोराची शपथ. म्हणजे बहुतेक खरं आहे. मी तिथं होतो, एवढं तर पक्कंच.

आमच्या करडी गावात व्हॉलीबॉलचं मैदान म्हणजे बळीराम काकाजींची धानाची बांधी, भाताचं बांध घातलेलं शेत. पोरांसाठी त्यांनी ती पडीत ठेवलेली. यंदा मात्र बजावलं, "पवनीवाल्यांशी फायनल हारले, तं नांगर घालतो. मंग खेळा चिखलात."

कोच मी. दुसरं कोणी तयारच नव्हतं.

पवनीचे ब्लॉकर ताडासारखे. त्यांच्यावरून मारणार कसं? मी डोकं लावलं. वरून नाहीच मारायचं, त्यांच्या हातांच्या कडेवरच मारायचं. बॉल घासून बाहेर गेला की पॉइंट आपला. पण सरावाला एवढे उंच हात आणता कुठून? घरोघरची सुपं उचलली, बांबूला बांधली अन् नेटमागं उभी केली. बायका माझ्या नावानं बोटं मोडत होत्या. पण रव्या, तळ्यात मासे धरणारा आमचा स्मॅशर, सुपाची कड डोळे मिटून टिपू लागला.

फायनलला युक्ती चालली. शेवटच्या सेटला बरोबरी झाली, अंधारूनही आलं. पंच म्हणाले, आता एकच पॉइंट, घेईल तो जिंकला. काकाजींनी तर नांगर जोडलेला ट्रॅक्टर बांधावर आणूनच ठेवलेला.

रव्या धापा टाकत माझ्याजवळ आला. "भाऊ, थो त्यांचा लंबा ब्लॉकर आता ऐन वेळेवर हात खाली घेऊन राहिला. मारला तं बॉल सरळ बाहेर जाईन. त्याच्या मांगं हळूच टाकू का?"

"काहून? सुपानं कधी हात खाली घेतला का? कडेलेच मार."

"थे सूप नाही भाऊ, माणूस आहे."

"कोच कोण आहे?"

रव्या नेटकडं परतला.

बॉल वर चढला. रव्या उडाला. लंब्यानं हात खाली घेतले, अन् बॉल कोणालाही न शिवता लाइनीच्या पार. मागं ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

बरं, आता कबूल करतो. हे हरणं मी रचलं. रव्यानं माझं ऐकलंच नाही. बॉल हळूच लंब्याच्या मागं टाकला अन् आम्ही जिंकलो. बांधी शाबूत आहे.

मग हरलो म्हणून काहून सांगतो? अहो, हरल्याच्या गोष्टीत निदान रव्या माझं ऐकतो तरी.