सियालकोटची रॅकेट
पावसाळ्यात माझ्या संग्रहातल्या टेनिसच्या लाकडी रॅकेटी वाकू नयेत म्हणून त्यांना घट्ट दाबून धरणाऱ्या चौकटींचे स्क्रू आवळायला बसले, की जुन्या वॉर्निशचा वास येतो आणि मला करोल बागेतली ती गच्ची आठवते. तिथल्या एका पंजाबी आजोबांकडे फाळणीआधीची रॅकेट आहे असं कळलं, तशी मी मेट्रो पकडून थेट त्यांचं घर गाठलं. मुठीच्या वर 'सियालकोट' असा पुसट छाप होता. ती जिथे बनली तो कारखाना त्यांच्या वडिलांचा. तो तिकडेच राहिला, सामानातून ही एवढी रॅकेट आली. माझ्याआधी आलेल्या हौशी लोकांना त्यांनी रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. "दीवार पे टाँगोगी?" त्यांनी विचारलं. "नहीं अंकल, खेलूँगी," मी म्हणाले. खेळते मी उत्तम, त्यामुळे आवाज जराही अडखळला नाही. "अच्छा? चलो ऊपर." गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून त्यांनी माझ्याकडे चेंडू टाकला. पहिल्या फटक्याचा तो मऊ, भरीव आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या फटक्याला तार तुटली. ते मात्र हसत म्हणाले, "नयी गटिंग करा लेना. अब तुम्हारी है." आता गुरुग्रामच्या घरी माझा संग्रह बघायला येणारे हमखास विचारतात, भिंतीवरची ही एकच खुंटी रिकामी का? मी सांगते, ती रॅकेट बघायची तर उद्या सकाळी कोर्टवर या, आणि माझ्या सर्व्हिसपासून जरा सांभाळा.