धाकटीने छापलेला कॅम

थोरलीने सासरच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं मापं घेतली. बनवणारी कंपनीच बंद पडली आहे असा, झिजून गेलेला यंत्राचा भाग समोर आला, की ती व्हर्नियर लावायची, कडेवरून अंगठा फिरवायची आणि त्याचं मूळ रूप कागदावर काढायची. त्यावरून नवरा नि दीर नवा भाग घडवायचे.

दिराचं लग्न उशिरा झालं. धाकटी जाऊ शिकलेली होती. तिच्या हट्टाने मागच्या खोलीत धातूचे भाग छापणारं यंत्र आलं. जुना भाग स्कॅनरसमोर फिरवला, की त्याचा आकार संगणकावर उमटे. मग लेसर धातूची भुकटी थरावर थर वितळवून तसाच भाग तयार करी. थोरलीच्या कागदाकडे सासऱ्यांनी कधी चष्मा लावून पाहिलं नव्हतं. आता ते यंत्राच्या काचेसमोर खुर्ची टाकून बसत आणि येईल त्याला सांगत, की हे आमच्या धाकटीचं डोकं. थोरलीच्या पोटात दुखे. धाकटीचं हसणंसुद्धा तिच्या डोळ्यांत खुपे.

एकदा मोज्यांच्या कारखान्याचा मालक विणकाम यंत्रातला कॅम घेऊन आला. विणायच्या सुया त्याच्याच उतारावरून वरखाली होतात. धाकटीने तो स्कॅन केला. थोरलीने सहज अंगठा फिरवला. उतार केसभर झिजला होता. सांगायला ती तोंड उघडणार, तोच सासरे म्हणाले, "आता कागद-पेन्सिलीचं काही काम उरलं नाही." थोरलीने न सांगताच हात मागे घेतला.

छापलेला कॅम घेऊन गेलेला मालक चार दिवसांनी तो परत घेऊन आला आणि टाके सुटलेले मोजे त्याने टेबलावर ओतले. सासऱ्यांदेखत धाकटीचा चेहरा पडला. थोरलीला बरं वाटलं, पण जेमतेम जेवणापर्यंत. दुपारभर धाकटी छापलेला कॅम जुन्याशी ताडून पाहत होती.

"कुठे चुकलं तेच कळत नाही, ताई."

"चुकलं नाहीच. झीजसुद्धा जशीच्या तशी छापलीस."

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "त्याच दिवशी," थोरली म्हणाली.

धाकटीने छापलेला कॅम बाजूला सारला. मग तिने शेजारची खुर्ची ओढली. "मूळ उतार काढून द्या."

उताराच्या टोकाला सुया पोचत नाहीत, तिथली धार शाबूत होती. तिथून माप धरून थोरलीने रेघ काढली, धाकटीने ती संगणकावर चढवली. नवा कॅम छापून, घासून कारखान्यात पोचला. कामाखेरीज दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

आठवड्याने मालकाचा फोन आला. यंत्र झकास चाललं होतं. धाकटी बोलत असताना थोरली दाराआड थांबली, आपला उल्लेख होतो का ते ऐकत. झाला नाही. रागवायचा आपल्याला हक्क नाही हे तिला पुरतं कळत होतं. तरी ती रागावलीच.