विषय सोडून

"सुधा, रेडिओच्या पानावर विहिरी कधीपासून यायला लागल्या?"

तात्यांनी माझ्या टेबलावर तीन पत्रं टाकली. तात्या म्हणजे आमच्या साप्ताहिकाचे संपादक. नगरला आमचा छापखाना होता आणि मी तिथं सब-एडिटर होते. आलेला मजकूर वाचायचा, कापायचा, सुधारायचा आणि कंपोझिंगला, म्हणजे खिळे जुळवायला द्यायचा, हे माझं काम. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान असल्यामुळे 'हौशी रेडिओ' हे अर्धं पान माझ्या वाट्याला आलं होतं.

घरच्या घरी ट्रान्झिस्टर जुळवणारे लोक त्या पानावर पत्रं लिहीत. एकाला अडचण आली की दुसरा पुढच्या अंकात उत्तर देई. कर्जतचा एक शिंपी आणि राहुरीचा एक कंपाउंडर कधी भेटलेले नव्हते, पण कुणाच्या सेटमध्ये खरखर आहे हे दोघांनाही ठाऊक असे.

त्या तीनही पत्रांत एकच तक्रार होती. मागच्या अंकात पाथर्डी तालुक्यातल्या खेडकर गुरुजींच्या पत्रात मी दोन वाक्यं तशीच जाऊ दिली होती. गावातल्या विहिरीनं तळ गाठलाय आणि खडी फोडायच्या दुष्काळी कामावर आलेली सगळी माणसं तेच पाणी पितायत, एवढंच त्यात होतं. श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यातले इलेक्ट्रिशियन शितोळे यांनी सगळ्यांत कडक लिहिलं होतं. 'दुष्काळ सगळीकडंच आहे. आठवड्यातून एकदा अर्धं पान आमच्या छंदाचं मिळतं, तिथं तरी तो नको.'

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"चौकट टाक," तात्या म्हणाले. "नियम एकदा छापला की कुणाला वाईट वाटत नाही."

चौकट म्हणजे चारी बाजूंनी रेघ मारलेला मजकूर. मी लिहिलं, 'या पानावर रेडिओव्यतिरिक्त मजकूर छापला जाणार नाही. वाचकांनी विषय सोडून लिहू नये.' मला ती दोन वाक्यं फार नेटकी वाटली होती, हे आता कबूल करते.

गुरुजींचं पुढचं पत्र आठवड्याभरात आलं. आधी माफी मागितली होती. मग फेराइट रॉडवर गुंडाळलेल्या तारेच्या कॉइलबद्दल प्रश्न. शेवटी लिहिलं होतं, 'विषय सोडून एकच ओळ लिहितो. कामावर चार-पाच जणांना हगवण लागली आहे.' मी लाल पेन्सिलीनं ती ओळ कापली, प्रश्न ठेवला आणि उत्तर दिलं.

त्यानंतरच्या पत्रात रेडिओच्या चार ओळी होत्या आणि विहिरीची दोन पानं. दोन लहान मुलं ओकाऱ्या होऊन गेली होती. मुकादमाला सांगितलं, तो म्हणाला वर कळवतो. गुरुजींनी पुढं लिहिलं होतं, 'आपल्या पानावरच्या मंडळींशिवाय बाहेर माझी कुणाशी ओळख नाही. विहिरीत टाकायची ब्लिचिंग पावडर कुठं मिळेल हे कुणाला ठाऊक असेल तर मला थेट कळवावं.' खाली पत्ता होता.

मी ते पत्र दोनदा वाचलं. बातम्यांचं काम बघणारे कुलथे माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायचे. त्यांच्याकडे ते द्यावं असं मनात आलं होतं. पण त्यांच्या बातम्या तालुक्याच्या वार्ताहरांकडून येत, वाचकांच्या पत्रांतून नाही. शिवाय पान मशीनवर चढायची वेळ झाली होती. मी दोन पानं बाजूला काढली आणि कापलेल्या मजकुरासाठी टेबलावर तारेचा आकडा होता, त्यात खोचली. चार ओळी छापल्या. त्याखाली माझं उत्तर छापलं, 'कॉइलचे वेढे पुन्हा मोजून पाहावेत.'

तात्यांनी अंक बघितला आणि म्हणाले, "आता कसं पान स्वच्छ दिसतंय."

तीन आठवड्यांनी कुलथ्यांच्या टेबलावर पाथर्डीच्या वार्ताहराची बातमी आली. खडीच्या कामावर कॉलरा, माणसं दगावली. ते मथळा जुळवताना गावाचं नाव मोठ्यानं बोलले. मी तारेतून ती पानं काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी टपालाचा शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे इथंच होतं?"

मी मान हलवली. त्यांनी पानं माझ्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गेले. तोवर गावात डॉक्टर पोचले होते, विहिरीत पावडर पडली होती. गुरुजी शाळेच्या ओट्यावर बसले होते. चाळिशीचा, सडसडीत माणूस. मी नाव सांगितल्यावर ते गडबडीनं उभे राहिले.

"संपादक म्हणजे कोणी गृहस्थ असतील असं वाटायचं मला," ते म्हणाले. "बसा ना."

शेजारच्या घरातून त्यांच्या पत्नी पाणी घेऊन आल्या. उकळलेलं आहे, असं त्यांनी आधी सांगितलं. मग दाराशी टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचा कागुद आला तवा पोरगी अंथरुनावर हुती. ह्यांनी वाचून दावला. तिला वाटलं पान्याचं काय आलं आसंल. त्यात ते तारंचं येढं मोजायचं हुतं."

त्यांची मुलगी मंदा. अकरा वर्षांची. अंक घरी आला त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली होती.

मी माफी मागितली. काय शब्द वापरले ते आठवत नाही. गुरुजींनी मला मध्येच थांबवलं.

"पान रेडिओचं होतं. नियमही छापलेला होता. मीच विषय सोडून लिहीत होतो."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधत होते, तोही मिळाला नाही. दुपारच्या गाडीनं मी परत आले.

बातमी छापून आल्यावर शितोळे स्वतः कचेरीत आले. रुंद बांध्याचा माणूस, हातात टोपी.

"हे गाव खेडकर गुरुजींचंच ना? त्यांनी परत काय लिवलं न्हवतं का?"

मी त्यांना ती पानं दिली. त्यांनी उभ्यानंच वाचली.

"आमच्या स्टोअरमध्ये पावडर पोत्यानं पडून हाय," ते हळूच म्हणाले. "साहेबाला विचारून मी सोता टेम्पोत घालून नेली असती. बाई, मी विहिरीवर चर्चा नको म्हणलं हुतं. माणूस मदत मागतोय ते दाबा, असं न्हवतं म्हणलं."

"मला फरक करता आला नाही," मी म्हणाले.

ते पानं टेबलावर ठेवून निघून गेले. गुरुजींसारखंच त्यांचंही पत्र नंतर कधी आलं नाही.

पान आणखी वर्षभर चाललं. चौकट काढायला तात्यांनी नकार दिला आणि नियम म्हणून त्यांचं खरंच होतं. तो नसता तर पानावर लग्नाच्या जाहिराती आणि निवडणुकीची भांडणंच आली असती. मी पुढं तीस वर्षं याच धंद्यात काढली, हजारो पत्रं कापली. त्या दिवसानंतर एकच गोष्ट वेगळी केली. जे कापलं ते तारेत खोचण्याआधी शेजारच्या टेबलावर नेऊन दाखवलं. एका पानावर जे विषय सोडून असतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी कामाचं असतं. त्यासाठी दोन खुर्च्यांचं अंतर चालायला हवं होतं, ते मी त्या वेळी चालले नाही.