घरचे सोडून

परभणीत विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या त्या बाइंडिंगवाल्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. कागदांचा गठ्ठा हातात आला की ते आधी टेबलावर ठोकून सारखा करतात, मग अंगठा ओला करून शेवटच्या पानापासून चाळायला लागतात. कुणाचा प्रबंध, कशावरचा, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

मी कॅन्सरच्या पेशींवर संशोधन करते. बढतीच्या मुलाखतीसाठी माझे सगळे शोधनिबंध बांधून घ्यायला गेले होते. त्या निबंधांचा आधार पुढे कुणी कुणी आपल्या लेखांत घेतला, त्याची लांबलचक यादी शेवटी जोडली होती. तिचा मला भारी अभिमान.

त्यांचा अंगठा तिथंच थांबला. "ताई, ही यादी कशाची?"

"माझं काम ज्यांच्या उपयोगी पडलं, त्यांची."

"यात तुमचंच नाव लय वेळा यायलंय."

मी जरा फणकाऱ्यानंच सांगितलं, "नव्या लेखात आपल्या जुन्या कामाचा आधार घ्यावाच लागतो. सगळेच घेतात."

"घ्या की. पण लग्नात किती माणूस जेवलं हे सांगताना आमी घरचे मोजत न्हाई."

मी उभ्या उभ्या माझ्या नावाच्या ओळी खोडल्या आणि शेजारून यादी नव्यानं छापून आणली. ती बरीच आखूड झाली होती. त्यांनी ती उचलून सगळ्यात वर ठेवली. "आता जा बिनघोर."

मुलाखतीत एका तज्ज्ञांनी चष्मा सरसावत विचारलं, "यातून तुमचे स्वतःचे लेख वगळले, तर किती उरतात?"

"घरचे मोजलेच नाहीत, सर," मी म्हणाले. "हे सगळे पाहुणे आहेत."