दोष कुणाचा

"पयला पीस बघू, मंग लॉट," असं म्हणून ते कुठलीही नवी वस्तू आधी उलटी करून बघायचे. खुर्ची असो, स्टेपलर असो, नाहीतर चहाचा कप. तुमच्याही कंपनीत असा एखादा माणूस असेल, ज्याचा आधी रागच येतो.

चाकणच्या आमच्या गाड्यांच्या ब्रेकच्या कारखान्यात ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. जवळच्याच गावचे. गुडघे गेले म्हणून साहेबांनी त्यांना ऑफिसात, खरेदीच्या टेबलावर बसवलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

मी डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना करायला. माझा कॉम्प्युटर रोज अडकायचा, इन्व्हॉइस निघायचं नाही आणि गेटवर गाड्या ताटकळायच्या. पुन्हा गाडी थांबली तर दुसरी नोकरी बघा, असं साहेबांनी सरळ सांगितलं होतं. चूक माझ्याच हाताची, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

काका एक दिवस स्टूल घेऊन माझ्यामागे येऊन बसले. माझे हात आणि स्क्रीन बघत राहिले. उठताना कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागे वाकून काहीतरी खुडबुड केली आणि गेले.

मग नऊ नवे कॉम्प्युटर घ्यायचे ठरले. साहेबांचा हेका सगळ्यात स्वस्त प्रोसेसरचा. दुकानदाराने मात्र रंगीत दिव्यांचं, वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं धूड आणलं आणि त्यावर गेम किती भारी चालतात ते सांगत बसला. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"इन्व्हॉइस लवकर छापतंय का?"

दुकानदाराने ते धूड उचलून परत नेलं.

काकांनी साहेबांच्या पसंतीचा, ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असलेला, एकच नग मागवला आणि माझ्या टेबलावर मांडला. दोन स्क्रीन जोडल्या. स्टॉकची मोठी एक्सेल, गाडीसोबत द्यायचं ई-वे बिल, गेटचा कॅमेरा, सगळं एकदम उघडायला लावलं. दुपारपर्यंत त्याला धाप लागली. काकांनी तो परत पाठवला. साहेब चिडले, कॉम्प्युटर म्हणजे काय गाडीचा ब्रेक आहे का म्हणाले.

"साहेब, गाडी ह्याच्यावरच थांबती," काका म्हणाले.

मग एक पायरी वरचा प्रोसेसर आला. त्यातही ग्राफिक्स आतच, वेगळं कार्ड नाही. आठवडाभर एकही गाडी थांबली नाही. शनिवारी काकांनी पास झालेल्या मालाचा हिरवा टॅग खिशातून काढला आणि माझ्यापुढे सरकवला. सही तुमची हवी, मी म्हटलं.

"न्हाई ताई. चालवणाऱ्याची."

बाकीचे आठ त्यानंतर आले.

काका निवृत्त झाले, आणि यंदा गेलेही. परवा स्टोअरमधलं भंगार उचलायला टेम्पो आला. त्यात माझा जुना कॉम्प्युटर दिसला. मी सवयीने, म्हणजे त्यांच्या सवयीने, तो उलटा केला. मागच्या वायरींना रिजेक्शनचा लाल टॅग बांधलेला होता. तारीख ते स्टूल घेऊन बसले त्या दिवसाची. सगळे मला बोल लावत होते, तेव्हाची. मी तिथेच रडले. कारणाच्या रकान्यात पेन घोटून लिहिलं होतं:

"दोष मशीनचा. ऑपरेटर ओके."