आपोआप येणारी सूचना

पाणीपुरवठा कार्यालयाच्या वेबसाइटवर पान उघडताच सूचना आपोआप झळकवायची, हेच त्याचं वर्षानुवर्षांचं रटाळ काम. मजकूर वरून यायचा. तो डकवायचा, पान पुन्हापुन्हा उघडून सूचना येते ना एवढं बघायचा आणि फुली दाबून मोकळा व्हायचा. लोक न वाचताच ती बंद करत, आणि साहेबांची बोलणी मात्र ह्यानं खायची. "लोकांचे डोळे काय गहाण पडलेत?" तो घरी येऊन करवादायचा.

आज सकाळी तोंडाला साबण फासलेला असतानाच नळ कोरडा पडला. बाहेरून बायको म्हणाली, "अहो, आज पाणी बंद, अशी तुमच्याच वेबसाइटवर कालपासून सूचना आहे. वाचली नाहीत?"

मिटल्या डोळ्यांनीच त्यानं थकून विचारलं, "पण दिसत होती ना नीट?"